दुसऱ्या सहीची जागा

हसूदादा,

तुमच्या बाराव्याला जेवणं आटोपल्यावर वहिनींनी तुमची खाकी पिशवी आणून माझ्या हातात दिली. "ही सायबांची हाय, त्यांनाच द्या, असा सांगून ठेवलेला त्यांनी," म्हणाल्या आणि आत गेल्या. घरी जाईपर्यंत मला धीर धरवला नाही. तुमच्या गावच्या तळ्याच्या कठड्यावर बसूनच मी ती उघडली.

आत सगळं ओळखीचं होतं. कागदात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या, पीओपीचा डबा, पाण्याची चपटी बाटली, काळा मार्कर. महापालिकेत तुम्ही मिस्त्री आणि मी कनिष्ठ अभियंता, अकरा वर्षं आपण एका स्कूटरवर हिंडलो. ही पिशवी कायम आपल्या दोघांच्या मध्ये असायची. तळाशी मात्र रुमालात बांधलेले काचेचे दोन तुकडे होते. जोडून पाहिले, तर एक पट्टी झाली. एका टोकाला तारीख, खाली तुमची सही, तिच्या शेजारी माझी.

ही पट्टी मी चौदा महिन्यांपूर्वी फेकून दिली होती. कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत, मीटररूमच्या मागे, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

कर्मचाऱ्यांच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला मला सांगितलंय, कारण तुमच्याबरोबर सगळ्यात जास्त मी राहिलो. तुमची नोकरी किती झाली, सत्कार कुठे झाला, हे दुसरं कुणीतरी लिहील. मला या दोन तुकड्यांबद्दल बोलायचंय, आणि ते तुमच्याशीच बोलता येईल.

माझ्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एका जुन्या गोदामात नेलं होतंत. खांबाला तडा गेला होता. मी साताऱ्याहून नवा आलेला, पदवीचा तोरा ताजा. पट्टी काढून तडा किती मिलिमीटर ते मोजायला लागलो. तुम्ही हसलात.

"रुंदी मोजून काय कलनार, सातारकर? तो झोपलाय का जागा हाय, ते बघ आदी."

मग तुम्ही तड्यावर काचेची पट्टी आडवी धरलीत, दोन्ही टोकांना पीओपीचे गोळे दाबलेत, तारीख घातलीत, सही केलीत आणि मार्कर माझ्याकडे दिलात. "दोन सह्या पायजेत. एकट्याच्या सहीची काच म्हंजे नुसती काच." खांब हलत असेल तर काच तुटते. तुटली की इमारत अतिधोकादायक, रिकामी करायची. अखंड राहिली तर डागडुजी आणि पुढची पाहणी. मी विचारलं, एवढ्याशा काचेवर एवढा मोठा निर्णय? तर म्हणालात, "काचेला ना साडू, ना मेव्हना. म्हनून तिचा ऐकायचा."

आणखी एक सांगितलं होतंत. काच तुटते तेव्हा बोट मोडल्यासारखा आवाज येतो म्हणे. "पन तो ऐकलेला मानूस मना अजून भेटला नाय. ती कोनी नसताना तुटते."

चार लोकांत तुम्ही मला "सायेब, तुमी" म्हणायचात आणि स्कूटरवर बसलो की "सातारकर, तू". मला दुसरं जास्त आवडायचं. पाहणीला गेल्यावर कुणाकडे पाण्याचा घोटही घ्यायचा नाहीत. तुमचा थर्मास तुमच्याबरोबर. "ज्याच्या घरचा चाय पिला, त्याच्या भिंतीचा तडा डोल्याना दिसत नाय." दिवाळीत कंत्राटदारांकडून मिठाईचे पुडे यायचे. तुम्ही ते परत पाठवत नव्हतात. तक्रार घेऊन येणारे लोक ज्या बाकावर बसतात, तिथे उघडून ठेवायचात. एका आजीबाईंनी चार बर्फ्या पदरात बांधल्या आणि तक्रार त्याच कंत्राटदाराची लिहून दिली. पुढे आठवडाभर तुम्ही ते आठवून हसत होतात.

दरवर्षी सभागृहात आम्हा सगळ्यांना प्रामाणिकपणाची शपथ देतात. हात पुढे करून आम्ही ओरडून म्हणायचो. तुमचे ओठ नुसते हलायचे. एकदा जेवताना मी छेडलं, तर तुम्ही डब्यातला बोंबील माझ्या ताटात टाकत तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. शहर व्हायच्या आधी तुमच्या गावची भातशेती खाडीच्या बांधाआड होती. बांधाला उघाडी असायची, लाकडी झडपेची. ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची. एक घटका चुकली तर खारं पाणी आत आणि गावाचं वर्ष बुडालं. गावकी दरसाल उघाडीवर एक माणूस नेमायची. त्याला एकच नियम होता.

"ज्याचा शेत उघाडीला लागून, त्याला उघाडीवर ठेवायचा नाय. मंग तो देवमानूस का असंना."

"का? तो तर जास्त जपेल."

"आपला जपल. म्हनूनच नाय ठेवायचा."

मी तेव्हा मान डोलावली होती. छान वाटलं होतं ऐकायला.

त्या सोसायटीची फाईल आली, त्या दिवसापासून मला ही गोष्ट आठवायला हवी होती. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, तळमजल्यावर पार्किंग. सात नंबरच्या खांबाला पायापासून छातीपर्यंत तडा. आपण काच लावली, दोघांनी सह्या केल्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून हाक आली, "विजू, वर ये की! चहा टाकलाय."

तुम्ही वर पाहिलंत. मी म्हणालो, "माझी थोरली बहीण. सरोजताई."

मी वर गेलो. चहा प्यायलो. खाली आलो तेव्हा तुम्ही थर्मासचं झाकण लावत होतात.

"सायेब, ही फाईल दुसऱ्याला द्या."

आजूबाजूला कुणी नसताना तुम्ही मला साहेब म्हणालात, ती पहिलीच वेळ.

"दादा, नातं घरात, फाईल ऑफिसात. मला तेवढं कळतं."

"कलत नाय असा कोन बोलला? चिठ्ठी लिहा, बहीन राहते, म्हनून नको. दोन ओली."

"लोक म्हणतील, जबाबदारी टाळतोय."

"बोलू दे ना! तुला लोकांचा पडलाय का खांबाचा?"

मी चिडलो. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर संशय घेताय. तो वाद तिथेच राहिला. त्या दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. तोवर मी कुणाचा पैसा घेतला नव्हता, पुडा घेतला नव्हता. आपण स्वच्छ आहोत याची मला इतकी खात्री होती, की आपल्या हातून काही घडेल हे मनातच आलं नाही.

नोकरीसाठी आलो तेव्हा पहिली तीन वर्षं मी ताईच्याच हॉलमध्ये झोपलो होतो. ती पहाटे उठून माझा डबा करायची. फाईल आल्यावर तिने मला घरी बोलावलं. दाजी तुर्भ्याच्या कारखान्यात शिफ्टला गेले होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पिंकी बारावीला. ताई म्हणाली, "इमारत धोकादायक ठरली तर पाणी तोडतात म्हणे. आईंना घेऊन कुठं जाऊ, विजू? पुनर्विकासाला निम्मी माणसं तयार नाहीत, बिल्डर नाही, भाडं कोण देणार? पिंकीची परीक्षा होऊ दे. मी तुझ्याकडं कधी काही मागितलंय का?"

कधीच नाही. हेच तर होतं, दादा. ज्यांनी कधी काही मागितलं नाही, त्यांनी मागितल्यावर काय करायचं, हे कुठल्याच नियमावलीत मला दिसलं नव्हतं. तुमच्या उघाडीत होतं, पण ती मी गोष्ट समजून ऐकली होती.

तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात मी एकटा पाहणीला गेलो. दुपारची वेळ, पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. काच तुटली होती. मधोमध, सुरीने कापल्यासारखी. वरून ताईच्या कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. 'उद्या बघू,' मी स्वतःशी मोठ्याने म्हणालो. मग पिशवी उघडली, जुनी काच खरवडून काढली, नवी लावली. तिच्यावर जुनी तारीख घातली. माझी सही केली. आणि तुमचीही केली. तुमच्या 'ह'ची शेपटी लांब ओढलेली असते, ती मला अकरा वर्षांत पाठ झाली होती.

अहवालात लिहिलं, काच अखंड आहे.

डोळ्याची पट्टी काढून तुम्ही कामावर आलात आणि पहिल्याच दिवशी खांबापाशी गेलात. मी मागे होतो. तुम्ही पीओपीवर अंगठा फिरवलात.

"ताजा दिसतंय."

मी हातातल्या फाईलची पानं उलटायला लागलो.

"सायेब, काच बदलली का?"

"नाही."

तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. "मंग माझा डोलाच अजून नीट झाला नसल," म्हणालात, आणि स्कूटरकडे गेलात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तुम्ही मला सातारकर म्हणाला नाहीत. लोकांतही साहेब आणि एकट्यातही साहेब. मला वाटलं, संशय आला आणि विरला. तुम्ही मीटररूमच्या मागे वाकून शोधलं असेल, हे मला कधी सुचलं नाही.

तळ्यावरून मी थेट सोसायटीत गेलो. वॉचमन मला पाहून उठला. "वो काका नहीं आए इस बार? रिटायर होने के बाद भी बराबर आते थे. नीचे बैठते थे, खंबे के पास. मैंने बोला, काका क्या ढूंढते हो? बोले, मेरा एक आदमी आने वाला है."

तुम्ही गेल्याचं मी त्याला सांगितलं आणि सात नंबरच्या खांबाकडे गेलो. माझी खोटी काच तुटलेली होती, तुमच्या खोट्या सहीच्या बरोबर मधून. पण ते काहीच नव्हे. खांबाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या अंधाऱ्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, काचांची रांग होती. एकाखाली एक. मोबाईलचा उजेड धरून मी वाचत गेलो. तुमचं अक्षर. पहिली काच तुटल्यावर दुसरी, दुसरी तुटल्यावर तिसरी. तारखांमधलं अंतर मोजलं. पहिली तुमच्या निवृत्तीनंतरची, ती चाळीसेक दिवस टिकली होती. मग महिना, मग तीन आठवडे, मग बारा दिवस. शेवटची तुम्ही जाण्याच्या आठ दिवस आधीची. तीही तुटली होती. ती तुटलेली तुम्ही पाहिलीत की नाही, ते मला आता कधीच कळणार नाही.

प्रत्येक काचेवर एका टोकाला तुमची सही होती. तिच्या शेजारी, दर वेळी, दुसऱ्या सहीपुरती जागा मोकळी सोडलेली.

दादा, मी खाली बसलो. पिशवीतला मार्कर काढला. टोपण उघडलं. एवढंच तर करायचं होतं. माझी सही पडली की त्या काचा कामाच्या ठरणार होत्या. आपण दोघे तिथे होतो असं कागदावर होणार होतं. पहिल्या काचेवर मार्कर टेकवला आणि हात थांबला. मी तिथे नव्हतो. त्यातल्या एकाही दिवशी नव्हतो. ही सही केली असती तर ती दुसरी खोटी सही झाली असती, आणि या वेळी तुमच्या खऱ्या सहीच्या शेजारी.

टोपण लावलं. जागा मोकळीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यकारी अभियंत्यांना भेटलो. त्यांनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नाही, मला वाचवायलाच बघत होते.

"अरे, नवी पाहणी टाक ना. आज गेलो, आज तुटलेली दिसली. संपलं. जुनं कशाला उकरतोस?"

"आज पहिल्यांदाच तुटली म्हटलं, तर सोसायटी जुना अहवाल दाखवून फेरतपासणी मागेल, आणि तिला नियमाप्रमाणे तीन महिने लागतील, सर. ती चौदा महिन्यांपूर्वी तुटलीय. आणि त्यानंतर पाच वेळा. इमारतीकडे तीन महिने नाहीत."

"नोकरी जाईल तुझी."

"हो."

"बहिणीचंही नाव येईल, कळतंय का?"

तेही लिहिलं होतं मी. 'सदर इमारतीत माझी सख्खी बहीण राहते, हे मी सुरुवातीला कळवणं आवश्यक होतं. मी कळवलं नाही.' तुम्ही सांगितलेल्या दोन ओळी, पंधरा महिन्यांनी. त्याखाली बदललेली काच, खोटी तारीख, खोटी सही. आणि शेवटी हे, 'खांबाच्या मागील बाजूच्या पाच काचांवर माझी सही नाही, कारण मी तिथे नव्हतो. मी तिथे असायला हवं होतं.' सोबत ते दोन तुकडे जोडले. रुमाल मात्र ठेवून घेतला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. तज्ज्ञांचं पथक आलं, खांब पाहिला आणि पार्किंगमध्ये आवाज बारीक करून बोलायला लागलं. फाटकावर नोटीस लागली, सात दिवसांत रिकामी करा. चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. मी घरी बसलो नाही. रोज इथे, सोसायटीत येतो. लोक शिव्या देतात, ऐकून घेतो. सोसायटीच्या चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं, "तो म्हातारा मिस्त्री येऊन सांगायचा, इमारत हलते म्हणून. आम्ही त्याला तुमचा अहवाल दाखवून परत पाठवायचो. आता आम्ही कुणाचं ऐकायचं?" ताईलाही तुम्ही सांगितलं होतंत, हे मला तेव्हाच कळलं. तिनेही तुम्हाला हेच उत्तर दिलं होतं, "आमच्या विजूने बघितलंय." तुमची खरी काच माझ्या खोट्या कागदाने तोडली होती, आणि एकदा नाही.

मला तुमचा रागही येतो, दादा. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुकडे तुमच्या हातात होते. सरळ वरिष्ठांकडे जायचंत. माझी तक्रार करायचीत. सोळा बिऱ्हाडं त्या खांबावर झोपत होती आणि तुम्ही माझी वाट बघत बसलात? वहिनींना मी विचारलं, का नाही सांगितलं कुणाला? त्या म्हणाल्या, "मी पन भांडले. तर बोलायचे, सायेब येल. सोताहून येल. मी सांगितला तर नोकरीतून जाईल, आला तर मानसात येल." एवढी किंमत माझी नव्हती. तुमचा हिशेब इथेच चुकला, आणि ही चूक मी केली असती तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतंत. तुम्हीही उघाडीला लागून शेत असलेला माणूस निघालात. तुमचं शेत म्हणजे मी.

हे सगळं मला तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. स्कूटरवर, मागे वळून. तुम्ही मला खडसावलं असतंत, आणि मग डबा उघडला असतात.

आज नोटिशीचा सातवा दिवस. पंधरा बिऱ्हाडं गेली. कुणी भाड्याने, कुणी गावाला, दोन कुटुंबं उरणला नातेवाइकांकडे. टेम्पो लागत होते आणि मी कपाटं उचलायला हात लावत होतो. काहींनी लावू दिला, काहींनी नाही. राहिली फक्त ताई. चार दिवसांपूर्वी मी खांबाच्या मागे, तुमच्या रांगेच्या खाली, एक काच लावली. खरी तारीख, माझी सही. शेजारी जागा मोकळी सोडली. सवय म्हणून सोडली, की तुमच्यासाठी, ते माहीत नाही. आज सकाळी येऊन पाहिलं, तर अजून अखंड होती.

हे मी जिन्यात बसून लिहितोय, दुसऱ्या मजल्यावर, ताईच्या दारासमोर. पिंकी कॉलेजला गेलीय. दाजी सकाळच्या शिफ्टला गेलेत, संध्याकाळी टेम्पो बघतो म्हणाले. मी सासूबाईंना खाली न्यायला खुर्ची आणलीय, दोन माणसं फाटकाशी उभी केलीत. ताई दार उघडत नाही. मघाशी आतूनच बोलली.

"आईंचा आत्ताच डोळा लागलाय, विजू. आज नको. उद्या बघू."

"ताई, मी हेच म्हणालो होतो. त्या खांबासमोर."

"तूच लिहिलं होतंस ना, काच चांगली आहे म्हणून?"

"खोटं लिहिलं होतं."

"मग आता खरं लिहितोस, हे मी कशावरून मानू?"

ह्याचं उत्तर, दादा, तुमच्याकडे असतं. तुम्ही जिना चढून आला असतात, दाराबाहेर थर्मास ठेवून म्हणाला असतात, ताई, याच्यावर नका ठेवू भरवसा, काचेवर ठेवा. आणि तिने उघडलं असतं. माझ्या शब्दाला आता दुसरी सही लागते, आणि ती करणारा माणूस गेला. म्हणून मी एवढंच म्हणालो, की तू उघडेपर्यंत मी इथून उठत नाही. इमारत जशी तुझ्यावर आहे, तशी माझ्यावरही राहू दे. आत ती रडत असावी.

आत्ता खालून आवाज आला. बारीक, कोरडा. कुणीतरी बोट मोडल्यासारखा.

कुणी स्कूटरचा स्टँड लावला असेल, असं पहिल्यांदा वाटलं. पार्किंगमध्ये आज एकही स्कूटर नाही.

कागद पिशवीत ठेवतो, दादा. दार तोडायला खांदा लावतोय.